सवलत सरकारची, भार एसटीवर
लेखमाला : रस्ता, एसटी आणि राज्याचा खजिना (भाग ४)

मागच्या भागात आपण दोन लेखाशीर्षे पाहिली : रस्त्यांच्या देखभालीचे ३०५४ आणि नव्या कामांचे ५०५४. त्या रस्त्यांवरून धावणाऱ्या एसटीचा हिशेब शेजारीच, ३०५५ आणि ५०५५ या शीर्षांखाली असतो. आज त्याकडे वळू.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे १९५० साली केंद्राने मार्ग परिवहन महामंडळ कायदा केला आणि आजचे महामंडळ त्याच कायद्याखाली चालते. एसटीच्या दुखण्याचे मूळ या कायद्याच्या दोन कलमांमध्ये सापडते. कलम २२ सांगते, महामंडळाने कारभार व्यापारी तत्त्वावर करावा. कलम ३४ राज्य सरकारला महामंडळाला निर्देश देण्याचा अधिकार देते. म्हणजे व्यापाऱ्यासारखे चालायचे, पण भाडे कोणाला किती लावायचे हे दुसऱ्याने ठरवायचे.

प्रत्यक्षात काय होते ते एका फेरीत पाहू. तालुक्याच्या बाजाराहून गाडी गावाकडे निघाली आहे. पूर्ण भाडे १०० रुपये धरू. चाळिशीतला शेतकरी १०० रुपये देतो. शेजारची महिला ५० देते, कारण मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. सत्तरीतले आजोबाही ५० देतात. ऐंशी वर्षांच्या आजींना शून्य रकमेचे तिकीट मिळते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. चार माणसांचे भाडे झाले ४००, कंडक्टरच्या हाती आले २००. उरलेले २०० रुपये महामंडळाने सरकारकडे मागायचे. याला ‘सवलतमूल्याची प्रतिपूर्ती’ म्हणतात.

डिझेल मात्र आजच भरावे लागते आणि पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. शिवाय तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे, तो राज्याच्या तिजोरीचा. प्रतिपूर्ती उशिरा किंवा अपुरी आली की आधी सुट्या भागांची खरेदी थांबते, मग कर्मचाऱ्यांची देणी रखडतात. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात चाललेल्या संपाची मुख्य मागणी शासनात विलीनीकरणाची होती. ती मागणी मान्य झाली नाही, पण तिच्यामागे पगाराची खात्री नसल्याची वेदना होती. एसटीच्या २०२५ च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा १० हजार कोटींच्या पुढे गेलेला दिसतो. त्याच वर्षी जानेवारीत भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. सवलत नसलेल्या प्रवाशाने ते पूर्ण सोसले.

या सवलती चुकीच्या नाहीत. निम्म्या तिकिटामुळे कितीतरी बायका माहेरी, दवाखान्यात, कामावर जाऊ लागल्या. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासमुळे खेड्यातली मुलगी पुढच्या गावच्या शाळेत पोचते. पण हा खर्च समाजकल्याणाचा आहे आणि तो राज्याने वेळेवर उचलला पाहिजे.

टोलच्या बाबतीत राज्य हे करते. २०१५ मध्ये १२ टोलनाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर कार व एसटीला टोलमाफी मिळाली. ठेकेदारांचे बुडालेले उत्पन्न भरून देणे राज्याला भाग होते, कारण लेखी करार होता. एसटीच्या सवलतीमागे मात्र नुसता शासन निर्णय असतो. ठेकेदाराला करार मिळतो, तर राज्याच्या स्वतःच्या महामंडळाला का मिळू नये?

असा सेवा करार झाला, तर त्यात तीन गोष्टी हव्यात. पहिले, सवलतीची रक्कम मार्चच्या मूळ अर्थसंकल्पातच पूर्ण धरावी, पुरवणी मागण्यांवर सोडू नये आणि दरमहा आगाऊ द्यावी. दुसरे, भारमान (भरलेल्या आसनांचे प्रमाण) कमी असले तरी चालवाव्याच लागणाऱ्या गाड्यांना किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्यावी. वाडीवरची मुक्कामी गाडी पहाटे भाजीवाल्या आणि कॉलेजची मुले घेऊन निघते. ती कधीच फायद्यात येणार नाही आणि तरीही ती बंद पडता कामा नये. तिसरे, प्रवासी कराची रक्कम नव्या गाड्यांसाठीच राखावी. बदल्यात महामंडळाने प्रत्येक आगाराचे रद्द फेऱ्या, बिघाड आणि भारमान यांचे आकडे दरमहा जाहीर करावेत. हक्काचा पैसा मागताना हिशेबही चोख असला पाहिजे.

आमदारांकडे आपण रस्त्यासाठी निवेदन घेऊन जातो. पुढच्या अधिवेशनाआधी जाल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा : आपल्या आगाराच्या सवलतींचे किती पैसे येणे आहेत आणि ते कधी मिळणार? रस्ता झाला आणि गाडी आली नाही, तर गाडीघोडे नसलेल्याला त्या रस्त्याचा उपयोग काय?

(पुढील भागात : पुण्याच्या पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६०:४० प्रमाणात वाटून घेतात. शहर बससेवेत राज्याची जबाबदारी किती?)