समुद्रकाठी दुकान टाकण्याआधी : आणे पठार ते मुरूड

आणे पठारावर पाऊस कमी आणि धंद्याला मर्यादा. बेल्ह्याचा आठवडे बाजार, आळेफाट्याची उलाढाल आणि कल्याण-नगर रस्त्यावरची रहदारी, एवढ्यावर बहुतेकांचे चालते. अशा भागातला माणूस सहलीला मुरूड-जंजिऱ्याला जातो, शनिवार-रविवारची गर्दी पाहतो आणि येथेच एखादा गाळा घ्यावा असे त्याच्या मनात येते. विचार वाईट नाही. पण दोन दिवसांची गर्दी पाहून घरची पुंजी गुंतवणे धोक्याचे आहे. समुद्रकाठच्या छोट्या शहराचे वर्ष कसे चालते हे समजून घेऊन मगच पाऊल उचलावे.

घाटमाथा आणि समुद्र यांचे नाते जुने आहे. सातवाहन काळात जुन्नरचा माल नाणेघाटाने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत असे. पुढे मलिक अहमदने १४९० साली निजामशाही स्थापन केली तेव्हा जुन्नरही त्याच्याकडे होते आणि दंडा-राजपुरीचे बंदरही. त्याच खाडीच्या तोंडावर जंजिरा किल्ला आहे. सिद्दींचे जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले. आज मुरूड हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. तेथे नगर परिषद आहे, कोळीवाडा आहे, कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे, नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. पर्यटकांचे मुरूड आणि मुरूडकरांचे मुरूड ही दोन वेगळी गिऱ्हाइके आहेत. पर्यटकांचा हंगाम दिवाळीपासून मे अखेरपर्यंत, त्यातही भर शनिवार-रविवार, नाताळ आणि उन्हाळी सुट्टीवर. पावसाळा लागला की किल्ल्याच्या होड्या बंद होतात आणि गर्दी ओसरते. शिवाय किल्ला पाहणारा माणूस बहुधा राजपुरीच्या धक्क्यावरून होडीत बसतो; मुरूडच्या बाजारात तो येईलच असे नाही. अलिबागकडून येणारे अर्धेअधिक काशीदच्या किनाऱ्यावरच थांबतात. म्हणजे भाडे बारा महिन्यांचे आणि पर्यटकांची विक्री फार तर सात-आठ महिन्यांची, हा हिशेब प्रथम कागदावर मांडावा.

मच्छीमारांचेही वर्ष असेच आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, हातात रोख पैसा कमी. या दिवसांत दुकानदाराची उधारी वाढते आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला झाला की हळूहळू वसूल होते. ज्याच्याजवळ तीन-चार महिने उधारी पेलण्याइतके भांडवल नाही, त्याने किराणा मालात पडू नये. उलट, उधारी नाकारणाऱ्या दुकानाकडे गाव पुढे फिरकत नाही. हा पेच घाटावरच्या बागायतदार गावांतही असतो, पण येथे त्याला तारीख ठरलेली आहे, एवढे तरी बरे.

मग विकावे काय? कोकणात भात, नारळ, सुपारी, आंबा आणि मासळी. कांदा, लसूण, बटाटा, कडधान्ये आणि भाजीपाला बराचसा घाटावरून येतो. एप्रिल-मेमध्ये कोकणातली घरे पावसाळ्याची बेगमी करतात. कांदा, मसाल्याची मिरची, डाळी यांची खरेदी तेव्हाच होते. जुन्नर तालुक्यातल्या कांदा व्यापाऱ्याला हीच खरी संधी आहे आणि त्यासाठी गाळा लागतच नाही. ओळखीच्या दोन दुकानदारांना माल पोहोचवला तरी काम होते. मात्र अलिबागच्या पांढऱ्या कांद्याशी स्पर्धा करू नये. त्याला भौगोलिक मानांकन आहे, तो माळा बांधून विकला जातो आणि त्याचे गिऱ्हाईक वेगळे आहे.

कारागिरांनी मात्र समुद्राची हवा नीट ओळखली पाहिजे. हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते लोखंडावर बसतात, ओलावा धरून ठेवतात आणि गंज घाटावरच्यापेक्षा कितीतरी लवकर चढतो. शिलाई मशीन, तराजू, शटर, पंखा, मोटारसायकल, काहीही सुटत नाही. साधे स्टीलसुद्धा डागाळते. किनाऱ्यालगतच्या कामाला ३१६ जातीचे स्टील टिकते, ते महाग पडते. हत्यारे रोज पुसून तेलाचा हात द्यावा, गाडी गोड्या पाण्याने धुवावी, लोखंडी कामाला जस्ताचा थर किंवा त्याचा प्रायमर दिल्याशिवाय रंग लावू नये. दुकानात साखर, गूळ, मीठ पाझरते, चामड्याच्या चपलांना बुरशी येते, गाद्या दमट होतात. पण दुकानदाराचे हेच नुकसान वेल्डर, फ्रीज दुरुस्त करणारा, मोटार वाइंडिंगवाला आणि पिंजारी यांचे बारमाही काम आहे. पावसाळा संपताच शटर, ग्रिल, पत्रे आणि गाद्या यांची कामे निघतात. माझ्या मते मुरूडसारख्या ठिकाणी भेळेच्या गाडीपेक्षा हातात कसब असलेल्या माणसाला अधिक वाव आहे. कारण त्याचे गिऱ्हाईक गावातच राहते.

सहलीला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. पठारावरच्या माणसाला भरती-ओहोटीची सवय नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. किनारपट्टीवरचा जुना ठोकताळा असा की तिथीला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल त्या सुमारास भरती. आपल्याकडे चांदाची तारीख घरोघर ठाऊक असते. तीत एक मिळवला की साधारण तिथी येते. चांदाची ७ तारीख म्हणजे अष्टमी, आठ पाऊणे सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. बेरीज पंधराच्या वर गेली तर पंधरा वजा करावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते आणि उतरते. हा अंदाज आहे, तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळ्याला विचारावेच.

जागा घेताना सागरी किनारा नियमनाची चौकशी टाळू नये. भरतीरेषेपासून कोठवर काय बांधता येते हे १९९१ पासून केंद्राच्या अधिसूचनेने ठरते. २०१९ साली नवी अधिसूचना निघाली. "समुद्र दिसतो" म्हणून चढ्या भावाने विकली जाणारी जागा बांधकामाला निरुपयोगी असू शकते. दलालाचा शब्द न घेता नगर परिषदेकडून लेखी घ्यावे. विमाही काढावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि छपरे, नारळ-सुपारीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात, त्यामुळे अशा वादळानंतर बागाईतदार गिऱ्हाइकाची खरेदीही तितका काळ आखडलेली राहते.

पहिल्या वर्षी जागा विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावी. आणि करार करण्यापूर्वी एकदा जुलैमध्ये जाऊन चार दिवस राहावे. माळशेजमार्गे कल्याण, पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा असा रस्ता आहे. पावसात माळशेज घाटात दरडी पडतात, तेव्हा एक दिवस हाताशी जादा ठेवावा. तेथे पोहोचल्यावर बाजारपेठेत कोणती दुकाने उघडी आहेत आणि त्यांत कोण खरेदी करीत आहे, ते मोजून यावे.