नजर अडवा, वारा नको

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की हॉलच्या पडद्यांसाठी चार दुकानं पालथी घातली जातात. बाथरूमच्या खिडकीची आठवण होते ती राहायला गेल्यावर, समोरच्या इमारतीची गॅलरी नजरेस पडली की. मग हाताला लागेल ते तिथे चिकटतं. वर्तमानपत्र, थर्माकोलचा तुकडा, सनमायकाची उरलेली पट्टी, नाहीतर खिळ्याला अडकवलेला जुना टॉवेल. पावसाळ्यात छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटतात आणि त्यांचं खापर रंगाऱ्यावर फुटतं. खिडकी बंद केल्याचा आणि ठिपक्यांचा संबंध फार थोड्या घरांत लावला जातो.

हा संबंध आकड्यांत मांडता येतो. ५ बाय ७ फुटांचं, ८ फूट उंचीचं बाथरूम घेऊ. त्यात साधारण ८ घनमीटर हवा असते. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. जुलैतल्या मुंबईत सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असली, तर त्यातली २३ ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते. उरते घनमीटरमागे ४ ग्रॅमची, म्हणजे अख्ख्या बाथरूममध्ये ३२ ग्रॅमची. दोन मोठे चमचे पाणी! ओल्या फरशीवरून आणि गरम पाण्याच्या बादलीतून एवढं पाणी बघता बघता हवेत जातं. त्यानंतर त्या खोलीत काहीही वाळत नाही. उलट थंड भिंतीवर, नळावर, आरशावर पाणी धरायला लागतं.

हेच बाथरूम मे महिन्यातल्या नागपूरला नेलं तर चित्र पालटतं. ४० अंशांची आणि २० टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरमागे आणखी ४१ ग्रॅम वाफ पोटात घेऊ शकते, म्हणजे सगळी मिळून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. तिथे खिडकी झाकली तरी काही तासांत सगळं कोरडं होतं. म्हणून नागपूरच्या मावशीकडे कापडी पडदा वर्षानुवर्षं टिकला, हा रत्नागिरीत राहणाऱ्या भाचीसाठी दाखला होऊ शकत नाही.

बुरशीला साचलेलं पाणीसुद्धा लागत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकून राहिली की तिला पुरतं. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, आणि साबणाचा पातळ थर, अंगावरून निघालेल्या मृत पेशी, सुती धाग्यांतलं सेल्युलोज हे तिचं अन्न. घरात कुणाला दमा असेल तर ही बुरशी नुसती कुरूप राहत नाही, त्रास वाढवते. सगळ्यांत वाईट पर्याय म्हणजे सुती पडदा. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून बसतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. अर्ध्या किलोच्या सुती पडद्यात कुणी पाणी न उडवताही ४० ग्रॅम पाणी असतं.

मग नजर अडवायची कशी? पहिलं उत्तर खिडकीतच असतं: दुधी काच. साध्या काचेतून प्रकाशकिरण आपली दिशा न सोडता पार होतात, म्हणून पलीकडची आकृती जशीच्या तशी दिसते. काचेचा एक पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने किंवा आम्लाने खरखरीत केला की प्रत्येक किरण वेगळ्याच कोनात वळतो. प्रकाश जवळजवळ तेवढाच आत येतो, आकृती मात्र विस्कटते. गोव्यातल्या जुन्या घरांत हेच काम शिंपल्यांनी केलं. प्लॅक्युना प्लॅसेंटा या सागरी जीवाचे चपटे, पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवायचे. कॅल्साइटच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा तो शिंपला मऊ उजेड आत सोडतो आणि बाहेरच्याला आतलं दिसू देत नाही. आजही तशा खिडक्या पाहायला मिळतात, आणि त्यांच्यापुढे थांबून उजेड कसा पसरतो ते बघावं, इतक्या त्या सुंदर आहेत.

दुधी काचेची एक खोड मात्र ठाऊक हवी. तिच्या खरखरीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा बोटाने घट्ट दाबून बसवा. तेवढ्या पट्टीतून पलीकडचं स्वच्छ दिसायला लागतं! काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ आणि चिकटपट्टीच्या गोंदाचाही जवळपास तितकाच. खाचाखोचांत गोंद भरला की प्रकाशाला तिथे खाचा जाणवतच नाहीत आणि तो सरळ पार होतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, त्यामुळे भिजलेली दुधी काच चिकटपट्टीइतकी नाही, तरी बरीच पारदर्शक होते. नेमकी आंघोळीच्या वेळी! यावर उपाय सोपा आहे. खरखरीत बाजू जिकडे पाणी उडत नाही तिकडे ठेवावी. बाहेर छज्जा असेल तर बाहेर, पावसाची झड थेट येत असेल आणि शॉवर दूर असेल तर आत. मोठ्या नक्षीची काच घेतली तर हा प्रश्नच येत नाही, कारण पाण्याच्या पातळ थराने तिचे उंचवटे बुजत नाहीत.

जाळीचे पडदे आणि आरशासारखी फिल्म यांच्याबद्दल दुकानदार सांगतो की आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. दिवसा ते खरं आहे. बाहेर ढगाळ दिवशीही १०,००० लक्सच्या आसपास उजेड असतो, बाथरूममध्ये दिव्याचा १०० ते २००. बाहेरून परावर्तित होणारा प्रकाश इतका प्रखर असतो की आतून झिरपणारा त्यात बुडून जातो. रात्री बाहेर रस्त्यावरच्या दिव्याचे १०-२० लक्स उरतात आणि आतला दिवा तोच राहतो. पारडं फिरतं. ज्याला आपण आडोसा समजत होतो त्यातून आतलं स्पष्ट दिसतं. बाथरूमसाठी अशी फिल्म घेऊ नये.

सावलीचा प्रश्न दुधी काचेलाही सुटलेला नाही. दिवा खिडकीच्या समोरच्या भिंतीवर असेल, तर आपण दिवा आणि काच यांच्या मधे उभे राहतो आणि काच सिनेमाच्या पडद्याचं काम करते. काचेच्या जितकं जवळ उभं राहावं तितकी सावलीची कड रेखीव. यावर कितीही महागडे ब्लाइंड्स लावण्यापेक्षा दिव्याची जागा बदलणं अधिक शहाणपणाचं आहे. दिवा खिडकीच्याच भिंतीवर, खिडकीच्या वर घेतला की आपली सावली आतल्या भिंतीवर पडते आणि काचेवर काहीच उमटत नाही. घराचं वायरिंग चालू असतानाच इलेक्ट्रिशियनला हे सांगितलं तर वेगळा खर्चही येत नाही.

आता ब्लाइंड्सकडे येऊ. आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स आणि आपल्या जुन्या इमारतींमधल्या झिलमिलीच्या खिडक्या एकाच तत्त्वावर चालतात: दृष्टी सरळ रेषेत जाते, हवा वळसा घेऊन जाऊ शकते. २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या एकमेकींपासून २० मिलिमीटरवर असतील, तर त्या आडव्या स्थितीपासून साधारण ५३ अंश वळवल्या की समोरून येणारी सरळ नजर पूर्णपणे अडते. तरीही दोन पट्ट्यांमध्ये १२ मिलिमीटरची फट उरते, म्हणजे पूर्ण उघड्या असताना होती त्याच्या तीन पंचमांश. कोणताही सलग पडदा हे करू शकत नाही.

पट्ट्या वळवायच्या कुठल्या दिशेला, हे समोर काय आहे यावर ठरतं. पट्टीची बाहेरची कड खाली आणि आतली वर ठेवली, तर वरच्या मजल्यावरून येणारी नजर अडते, खालून बघणाऱ्याला फार तर छत दिसतं. पावसाचं पाणीही बाहेरच्या बाहेर निथळतं. काचेच्या लूव्हर्स याच कारणाने अशा बसवतात. उलट दिशेला वळवल्या तर समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना आतली फरशी दिसते. ब्लाइंड बसवणारा कारागीर दांडी फिरवून पट्ट्या बंद करून दाखवतो तेव्हा त्या कोणत्या बाजूने बंद झाल्या, हे आपण एकदा बाहेर जाऊन बघावं.

कशाचे घ्यावेत? लाकडी पट्ट्या ओलाव्याने फुगतात आणि वाकतात. बांबूच्या चिकेत पिष्ट असतं, ते बुरशीला आणि किड्यालाही आवडतं. गुंडाळायच्या रोलर ब्लाइंडला वारा जाऊ देणारी फट नाहीच, शिवाय ओला असताना तो वर गुंडाळला की आतले थर दिवसभर ओलेच राहतात. मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे असलेले ब्लाइंड्स थंड देशांत उष्णता राखायला बनवलेले आहेत. इथे त्या कप्प्यांत दमटपणा कोंडतो. उरतात पीव्हीसी आणि अॅल्युमिनियम. पीव्हीसीला पाण्याचं भय नाही, पण सुमारे ८० अंशांना ते मऊ पडतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं, ठिसूळ होतं. पश्चिमेच्या काचेमागे गडद रंगाची पट्टी वाकायला लागते. सावलीतल्या खिडकीला मात्र ते स्वस्त आणि पुरेसं आहे.

अॅल्युमिनियम हवेत आलं की त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. हा थर आम्लातही विरतो आणि अल्कलीतही, आणि क्लोराइडने त्याला बारीक छिद्रं पडतात. संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याच्या वाफा बंद बाथरूममध्ये कोंडल्या की पट्ट्यांवर पांढरे चट्टे उठतात आणि नळांची चकाकी जाते. रंगाचा भाजलेला थर असलेल्या पट्ट्या घ्याव्यात, आणि दुकानात पट्टीपेक्षा वरच्या पेटीकडे अधिक निरखून पाहावं. गंज चढतो तो तिथल्या साध्या पोलादी स्प्रिंगला आणि स्क्रूंना. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागूनच घ्यावेत. दोरीचा लोंबता फास लहान मुलांच्या गळ्याला धोक्याचा असतो. दांडीने फिरणारा प्रकार मागावा, किंवा दोरी उंच हुकात गुंडाळून ठेवावी.

माझी निवड विचाराल तर कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर नक्षीच्या काचेच्या लूव्हर्स आणि खिडकीच्या वर दिवा, एवढंच. ब्लाइंड हवाच असेल तर अॅल्युमिनियमचा, अरुंद पट्ट्यांचा. एक्झॉस्ट फॅन त्याच खिडकीत असेल तर तो चालू असताना शेजारच्या लूव्हर्स मिटाव्यात आणि दाराखाली बोटभर फट ठेवावी. नाहीतर पंखा शेजारच्याच फटीतून हवा ओढून परत बाहेर फेकतो आणि खोलीतली वाफ आहे तिथेच राहते.

हा लूव्हर्स मिटण्याचा सल्ला विजेच्या गिझरपुरता आहे. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर गोष्ट जिवावरची आहे. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि कडी काढण्याआधीच शुद्ध हरपू शकते. थंडीत वारा लागतो म्हणून खिडकीवर प्लास्टिक लावलं जातं आणि तेव्हाच असे मृत्यू होतात. गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते होईपर्यंत पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला दार लावा. आणि त्या खिडकीवर कागद, थर्माकोल, प्लास्टिक, काहीही चिकटवलेलं असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते काढा.