रिंगपासून पगारापर्यंत

अमेरिकेतला बास्केटबॉल आपल्याकडे सकाळचा खेळ आहे. जूनमध्ये एनबीएच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, अंतिम फेरीचा सामना तिकडे रात्री साडेआठला सुरू होतो तेव्हा मुंबईतल्या आमच्या चारकोपमध्ये सहा वाजलेले असतात. नळाला पाणी आलेलं असतं, नाक्यावर रिक्षांची रांग लागायला सुरुवात झालेली असते. १९९८च्या जूनमध्ये अशाच एका सोमवारी सकाळी शिकागो बुल्सच्या मायकल जॉर्डनने युटाच्या कार्ल मलोनच्या हातातून चेंडू हिसकावला, दुसऱ्या टोकाला नेला आणि ५.२ सेकंद उरलेले असताना रिंगमध्ये टाकला. ८७-८६. त्या एका बास्केटपायी आमच्या पिढीतली कितीतरी मुलं या खेळाच्या नादी लागली. मी त्यांतलाच एक.

जॉर्डन मात्र एका रात्रीत उगवलेला नव्हता. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना त्याने जॉर्जटाउनविरुद्धच्या अंतिम सामन्यात निर्णायक बास्केट टाकून ६३-६२ असं अजिंक्यपद खेचून आणलं होतं. तीन वर्षं तो विद्यापीठाकडून खेळला, १९८४ मध्ये व्यावसायिक झाला आणि भूगोलाची राहिलेली पदवी १९८६ मध्ये पूर्ण केली. त्या तीन वर्षांत त्याला पगार नव्हता. फी माफ, राहणं-जेवण फुकट, एवढंच. अमेरिकेत हीच रीत होती. खेळाडू कॉलेजात घडायचा आणि कॉलेज सुटल्यावर कमवायचा. कॉलेजच्या खेळाचं वजनही काही कमी नव्हतं. १९७९च्या कॉलेज अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला ७५-६४ असं हरवलं. तिथल्या टीव्हीवर त्या सामन्याने गाठलेली प्रेक्षकांची टक्केवारी बास्केटबॉलच्या दुसऱ्या कुठल्याही सामन्याला आजवर गाठता आलेली नाही, एनबीएच्या अंतिम सामन्यांनाही नाही.

खेळ एकच, पण कॉलेजचा आणि व्यावसायिकांचा बास्केटबॉल दिसायला वेगळा, आणि हा वेगळेपणा घड्याळातून आलेला आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन आणि मिनियापोलिस या व्यावसायिक संघांचा सामना १९-१८ असा संपला. अख्ख्या सामन्यात ३७ गुण! आघाडी मिळाली की चेंडू आपापसांत फिरवत वेळ काढायचा, असा प्रकार बोकाळला होता. प्रेक्षक कंटाळून घरी जायला लागले. त्यावर सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी कागदावर सोपा हिशोब मांडला. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार केला की येतात २४. एवढ्या सेकंदांत बास्केटचा प्रयत्न केलाच पाहिजे, नाहीतर चेंडू समोरच्या संघाला. १९५४ मध्ये हा नियम आला आणि व्यावसायिक बास्केटबॉल वाचला. कॉलेजांनी मात्र घाई केली नाही. पुरुषांच्या कॉलेज सामन्यात असं घड्याळ आलं ते थेट १९८५ मध्ये, तेही ४५ सेकंदांचं. ते पुढे ३५ झालं, २०१५ पासून ३० आहे. शिवाय पुरुषांचा कॉलेज सामना चाळीस मिनिटांचाच, वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत. त्यामुळे तिथे अजूनही पाच पोरं एकेक पास जोडत, साथीदारासाठी बचावपटूची वाट अडवत, एखादी जागा उघडी पडायची वाट बघताना दिसतात. मला हे फार आवडतं. खेळाडू विचार करताना दिसतो, चुकताना दिसतो आणि त्याच सामन्यात सुधारतानाही दिसतो.

दुसरा बदल घड्याळापेक्षा मोठा: थ्री-पॉइंटर. एनबीएने १९७९ मध्ये रिंगभोवती लांबून कमान आखली आणि तिच्याबाहेरून पडलेल्या बास्केटला तीन गुण दिले. सुरुवातीला या रेषेला कुणी विचारलंच नाही. पहिल्या मोसमात एक संघ सामन्यात सरासरी तीनदासुद्धा तिथून प्रयत्न करत नसे. आज हा आकडा सदतीसच्या आसपास आहे. कारण साधं आहे. बाहेरून शंभर वेळा टाकून ३६ वेळा चेंडू आत गेला तर १०८ गुण होतात. कमानीच्या आत, पण रिंगपासून लांब उभं राहून शंभरात ४० वेळा आत घातला तरी होतात ८०. हा हिशोब एकदा प्रशिक्षकांच्या ध्यानात आल्यावर मधल्या पट्ट्यातून चेंडू टाकायची कला मागे पडत गेली, आणि रिंगला पाठ करून खेळणारा जुना पिव्हटही. जॉर्डनचा तो ५.२ सेकंदांचा शॉट मधल्या पट्ट्यातलाच होता. आजच्या प्रशिक्षकाला तो तितकासा रुचला नसता.

या बदलाचं मला मनापासून दुःख आहे. तीसच्या तीस संघ एकाच पद्धतीने खेळायला लागले की सकाळी सहाला उठायची ओढ कमी होते. पण याच रेषेने कमी उंचीच्या मुलांना खेळात जागा दिली, हेही तितकंच खरं. स्टेफन करी हे त्याचं सर्वात मोठं उदाहरण. मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारलं नाही म्हणून तो डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात गेला. २००८च्या राष्ट्रीय स्पर्धेत या कॉलेजाने शेवटच्या आठांत धडक मारली आणि तिथे पुढे विजेत्या ठरलेल्या कॅन्सासकडून केवळ दोन गुणांनी हरलं. आपल्याकडची साडेपाच फुटी पोरं आज कमानीबाहेर उभी राहून हट्टाने चेंडू टाकत असतात ती करीला पाहूनच. त्यांना मी कसं थांबवू?

आता तर कॉलेज आणि व्यावसायिक यांच्यातली भिंतच पडली आहे. २०२१ पासून अमेरिकेतले कॉलेज खेळाडू आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठंही त्यांना थेट मोबदला देऊ लागली आहेत. एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत वाटायची मुभा आहे. दरवर्षी जास्त पैसे देणाऱ्या कॉलेजात उडी मारणारे खेळाडू पाहून जुने चाहते हळहळतात. मला मात्र यात न्याय दिसतो. भरलेल्या स्टेडियमची तिकिटं ज्यांच्या घामावर खपत होती, त्यांना इतकी वर्षं फी आणि राहण्या-जेवणापलीकडे काहीच मिळत नव्हतं.

मुंबईत रिंगपासून पगारापर्यंतची चढण वेगळ्याच पायऱ्यांची आहे. इथला खेळाडू घडला तो वस्तीत, आणि टिकला तो नोकरीवर. मुंबई सेंट्रलला उतरून पायी नागपाड्यात गेलात की या शहराच्या बास्केटबॉलचं माहेरघर लागतं. १९२६ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तिथल्या गरीब वस्तीत काम करायचं ठरवलं आणि क्लिफर्ड मॅनशार्ड यांच्या नेतृत्वाखाली नागपाडा नेबरहुड हाउस उभं राहिलं. टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवातही १९३६ मध्ये याच वास्तूत झाली. पलीकडे मस्तान तलावाच्या मैदानाजवळ वायएमसीएचं कोर्ट. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी ज्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ शोधला, तीच ही वायएमसीए. नागपाड्याच्या दाट गल्ल्यांत क्रिकेटला मैदान पुरत नव्हतं, बास्केटबॉलला पुरलं. याच मोहल्ल्यातून गुलाम अब्बास मुंतसिर आले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० मध्ये अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. एका पेठेतली पोरं पिढ्यान् पिढ्या एकाच रिंगखाली वाढतात, थोरला धाकट्याला शिकवतो, हे मुंबईत कबड्डीच्या मंडळांमध्ये दिसतं आणि बास्केटबॉलमध्ये नागपाड्यात.

पण पुढे काय? भारतात व्यावसायिक लीग टिकली नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या एका लीगमध्ये मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज असे संघ होते. ती दोन-तीन वर्षांतच थांबली. नंतर आलेल्या लीगमध्ये मुंबई टायटन्स आले. प्रो कबड्डीने २०१४ पासून जी घडी बसवली, ती इथे अजून बसलेली नाही. म्हणून बास्केटबॉलपटूचा खरा करार रेल्वेशी, पोलिसांशी, लष्कराशी, एखाद्या बँकेशी किंवा सरकारी कंपनीशी होतो. खेळाडू म्हणून भरती व्हायचं, सकाळी सराव करायचा, मग टेबलावर बसायचं आणि राष्ट्रीय स्पर्धेला रजा घेऊन जायचं. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. नोकरी मिळाली तरी प्रेक्षक मिळतातच असं नाही. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचं कर्णधारपद भूषवलं. २०१७ मध्ये बेंगळुरूला आशिया चषकाच्या दुसऱ्या विभागात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघातही ती होती. दोन गुणांनी जिंकलेला तो अंतिम सामना आपल्याकडच्या किती घरांत पाहिला गेला असेल?

एनबीए स्वतः मात्र येऊन गेली. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज भिडले. पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा पेसर्सने जिंकला, आणि तो पाहायला शाळांमधली हजारो मुलं बसली होती. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे जुहूला वाढलेले. त्या दोन दिवसांचा आनंद खरा होता. पण पाहुणे गेल्यावर मुलं परतली ती आपापल्या शाळेच्या कोर्टावर. आणि कोर्ट सगळ्याच शाळांना नाही.

जागेचंच म्हणाल तर, आमचं चारकोप म्हाडाने वसवलं ते १९८०च्या दशकात, जागतिक बँकेच्या मदतीने. लहान लहान भूखंड, पस्तीसेक घरांची एकेक सोसायटी, आणि त्या घरांच्या मधोमध मोकळा चौक. आखणी करणाऱ्यांनी चौक ठेवला तो मुलांसाठी, बायकांच्या वाळवणासाठी, गणपतीसाठी. आज त्या चौकांत दुचाकी आणि गाड्या आहेत. एक रिंग, एक बोर्ड आणि हाफ कोर्ट एवढ्याला खरं तर एखादा चौक सहज पुरेल. तीन-तीनचा खेळ ऑलिंपिकमध्ये खेळला जातो तो एवढ्याच जागेत, एकाच रिंगवर.

आमच्या भागातल्या एका शाळेच्या कोर्टावर संध्याकाळी मुली ले-अप शिकतात. उजव्या हाताने टाकायचा तर आधी उजवं पाऊल, मग डावं, आणि उडी डाव्यावरून. नवी मुलगी हमखास उजव्यावरून उडते आणि चेंडू बोर्डच्या कडेवर आपटतो. रिंगला जाळी नाही, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर कोपऱ्यात कायम वाद. त्या धाकट्यांना पावलं मोजून शिकवणारी मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, आपल्या कॉलेजची पॉइंट गार्ड आहे, आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत चेंडू तिच्या हातात आला की संघ शांत होतो. अमेरिकेत असती तर या मोसमात तिच्या नावावर थोडेफार पैसे जमा झाले असते. इथे तिच्यासमोर परीक्षेचं वेळापत्रक आहे आणि रेल्वेच्या खेळाडू भरतीची चाचणी. त्या भरतीत यंदा गार्डची जागा निघते का, याकडे तिच्याइतकंच माझंही लक्ष आहे.