जुन्या लाकडाची पारख

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले, की आधी भोसरीचे आणि पुढे चाकणचे कारखाने लागतात. या कारखान्यांत दूरदेशीची यंत्रे व त्यांचे सुटे भाग लाकडी खोक्यांत बंद होऊन येतात. यंत्र जागेवर बसले, की खोक्याचे काम संपते. मग त्याच्या फळ्या वखारीत जातात. तेथून सुतार त्या स्वस्तात घेतो आणि त्यांची बाके, मांडण्या व मेजे करतो. टाकाऊ वस्तूला असे नवे आयुष्य देणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्या लाकडावर पूर्वी कोणते संस्कार झाले, हे आधी जाणून घेणे अगत्याचे असते.

लाकडाचे शत्रू पुष्कळ. वाळवी त्याला खाते, भुंगेरे पोखरतात, बुरशी कुजवते. सागाच्या अंगी या शत्रूंना तोंड देण्याची शक्ती निसर्गतःच असते. म्हणूनच जुन्या वाड्यांचे सागवानी वासे कित्येक वर्षांनंतरही कामी येतात. पाइनसारख्या मऊ लाकडात ही शक्ती नसते. त्याला जणू औषध पाजावे लागते. त्यासाठी लाकूड मोठ्या लोखंडी नळकांड्यात बंद करून आतील हवा काढून घेतात. नंतर औषधी द्रावण सोडून त्यावर मोठा दाब देतात. त्यामुळे द्रावण पृष्ठभागावर न राहता लाकडात खोलवर शिरते.

अशा द्रावणांपैकी एक जगप्रसिद्ध द्रावण आपल्याच देशात तयार झाले. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व अर्सेनिक यांच्या संयुगांपासून ते बनविले. तांबे बुरशीला रोखते, अर्सेनिक किडींना मारते आणि क्रोमियम या दोहोंना लाकडात पक्के धरून ठेवते. या शोधामुळे विजेचे खांब आणि कुंपणाचे डांब वर्षानुवर्षे टिकू लागले.

पण अर्सेनिक म्हणजे सोमलातील विषारी मूलद्रव्य! किडीला मारणारे हे विष माणसालाही सोडत नाही. म्हणून २००३ च्या अखेरीस अमेरिकेतील उत्पादकांनी घरे व क्रीडांगणे यांच्या लाकडासाठी हे द्रावण वापरणे थांबविले.

असे लाकूड नवे असताना हिरवट दिसते. पुढे ऊनपावसाने तो रंग उडतो आणि लाकूड करडे पडते. रंग जातो, विष मात्र जात नाही. करवतीने कापताना ते भुशात मिसळते व श्वासावाटे शरीरात शिरते. सर्वांत मोठा धोका जाळण्यात आहे. लाकूड जळते, पण अर्सेनिक जळून नाहीसे होत नाही. ते काही धुरात जाते आणि बरेचसे राखेत उरते. हिवाळ्यात पाण्याच्या बंबात असे तुकडे घातले आणि त्याच राखेने भांडी घासली, तर विष थेट ताटात येईल. रेल्वेचे जुने काळे, तेलकट स्लीपरही असेच जपून हाताळावेत. त्यांपैकी अनेकांत दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले क्रिओसोट हे तेल मुरलेले असते.

मग खोक्याची फळी चांगली की वाईट, हे कसे ओळखावे? परदेशी जाणाऱ्या खोक्यांच्या लाकडातून किडी इतर देशांत पसरू नयेत, म्हणून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय नियम करण्यात आला. त्यानुसार खोक्यावर गव्हाच्या ओंबीचे चित्र असलेला शिक्का मारतात. शिक्क्यात 'एच' व 'टी' ही रोमन अक्षरे असतील, तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे पोचविलेली असते. 'एम' व 'बी' ही अक्षरे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दाखवितात. असे लाकूड घरात न आणणे बरे. शिक्का फक्त त्या वेळचा संस्कार सांगतो. पुढे त्या फळीवर तेल किंवा रसायन सांडले असेल, तर ते तो सांगत नाही. म्हणून डागाळलेली आणि उग्र वासाची फळीही नाकारावी.

सुज्ञ कारागीर इतके नियम पाळतो : ज्या लाकडाची माहिती नाही, त्याचे पोळपाट, पाळणा किंवा खेळणी करीत नाही. औषध मुरलेले लाकूड कापावेच लागले, तर ते उघड्यावर, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून कापतो. भुसा गोळा करून वेगळा ठेवतो. जेवणापूर्वी हात धुतो. आणि त्या लाकडाची एक ढलपीही चुलीत जाऊ देत नाही.

काटकसर हा गुण खरा. पण डोळस काटकसरच हिताची. फळी स्वस्त मिळाली, तरी आरोग्य बाजारात विकत मिळत नाही.