विश्वाची पहिली झेप

दोन निरनिराळ्या गांवीं बसलेल्या, परस्परांस कधींहि न भेटलेल्या दोन विद्यार्थ्यांनीं एकच उत्तर अक्षरशः सारखें लिहिलें, तर परीक्षक काय म्हणेल? यांची पूर्वीं कोठें तरी गांठ पडली असली पाहिजे, हेंच. विश्वाच्या अभ्यासकांपुढें असेंच एक कोडें पुष्कळ वर्षें उभें होतें.

सन १९६५ मध्यें अमेरिकेंतील पेंझियस व विल्सन यांनीं आकाशाच्या सर्व दिशांनीं येणारी एक मंद रेडिओ-खरखर जाहीर केली. प्रथम त्यांचा संशय यंत्राच्या कर्ण्यांत राहणाऱ्या कबुतरांवर गेला. विष्ठा धुऊन काढिली, तरी खरखर राहिलीच! विश्व सुमारें ३,८०,००० वर्षांचें असतांना सुटलेला तो प्रकाश होता. आज तो शून्याखालीं सुमारें २७० अंशांइतका थंड झाला आहे. नवल हें कीं, पूर्वेकडे पाहा अथवा पश्चिमेकडे, त्याच्या उष्णमानांत फरक पडतो तो सुमारें एक लाखांत एक भागाचा. पूर्वेकडील प्रकाश सुमारें १,३८० कोटि वर्षें प्रवास करून आतां कोठें आमच्यापर्यंत पोहोंचला. तो पश्चिमेच्या टोकास केव्हां जाणार? मग या दोन टोकांनीं उष्णता वांटून घेतली कशी?

अमेरिकन शास्त्रज्ञ अलन गथ यांनीं १९८१ सालीं याचें उत्तर प्रसिद्ध केलें. आरंभीं हे दोन्ही भाग परस्परांस लागून होते व त्यांचें उष्णमान एक झालें होतें. नंतर निमिषाच्याहि अत्यल्प अंशांत अवकाशच ताणलें गेलें, तें एकावर सव्वीस शून्यें इतक्या पटीनें, किंबहुना अधिक. प्रकाशापेक्षां जलद कांहींच जात नाहीं असें आम्ही वर्गांत शिकवितों. मग हें कसें? रबरी पट्टीवर दोन मुंग्या सोडा व पट्टी ताणा. मुंग्या आपल्याच चालीनें चालतात, परंतु त्यांच्यामधील अंतर झपाट्यानें वाढतें.

गथ यांच्या मूळ योजनेंत ही वाढ नीट थांबत नसे. तो दोष १९८२ सालीं मॉस्कोचे लिंडे, तसेच अमेरिकेंतील आल्ब्रेक्ट व स्टाइनहार्ट यांनीं दूर केला. पुढें हेच स्टाइनहार्ट या मताचे कडवे टीकाकार झाले!

या मतावरून उष्णमानांतील सूक्ष्म फरकांचा जो नमुना अपेक्षित होता, तो उपग्रहांनीं घेतलेल्या मापांशीं उत्तम जुळला. तरी ती झेप कशानें घडविली, तें कोणास निश्चित सांगतां आलेलें नाहीं. आणि पुराव्याची घाई अंगलटहि आली आहे. १७ मार्च २०१४ रोजीं दक्षिण ध्रुवावरील बायसेप दुर्बिणीच्या मंडळीनें त्या झेपेंत उठलेल्या गुरुत्वलहरींची खूण सांपडल्याचें जाहीर केलें. वर्तमानपत्रांत एकच गाजावाजा झाला. पुढील वर्षीं त्यांनींच प्लांक उपग्रहाच्या शास्त्रज्ञांसह पुनः हिशेब केला, तेव्हां ती खूण बव्हंशीं आपल्याच आकाशगंगेंतील धुळीची ठरली. तेंहि त्यांनींच छापून प्रसिद्ध केलें, आणि अधिक सूक्ष्म यंत्रें बसवून शोध पुढें चालू ठेविला.