घरची भाजी पिकवताना तब्येतीची काळजी कशी घ्याल?

"आता भाजी घरचीच खातो, फवारलेली नको," असे अनेक रुग्ण सांगतात. बदलापूर, विरार किंवा पुण्याच्या उपनगरांत अंगण वा गच्ची असेल, तर मेथी, पालक, दुधी, वांगी लावणे अवघड नाही. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायलाही येते. मोठ्या माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दारात भाजी असली की ती ताटात येते. शिवाय हालचाल होते.

मात्र घरची भाजी आपोआप निर्धोक होत नाही. फवारणी टाळली तरी माती, पाणी आणि खत यांतून आजार होऊ शकतात. साध्या सवयींनी ते बऱ्याच अंशी टाळता येतात.

साचलेले पाणी
डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीतल्या थोड्या पाण्यातही अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करा आणि कडा घासून धुवा. चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. पाण्याचे पिंप झाकून ठेवा.

माती आणि जखमा
मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. काटा किंवा खुरपे लागले तर जखम साबण-पाण्याने धुवा. धनुर्वाताची शेवटची लस ५ वर्षांपूर्वी किंवा त्याआधी घेतली असेल, किंवा आठवतच नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असल्यास बागेत अनवाणी जाऊ नका. पायाला बधिरपणा असेल तर जखम झाल्याचे कळतही नाही.

उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या माती-पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, विशेषतः पावसाळ्यात. हातमोजे आणि बूट घाला. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि बागेत काम करता हे आवर्जून सांगा.

खत, पाणी, फवारणी
* ताजे शेण घालू नका, पूर्ण कुजलेले खत वापरा.
* खताच्या पेटीला घट्ट झाकण हवे. त्यात शिजवलेले अन्न किंवा मासळी टाकली तर उंदीर येतात.
* डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना चालते. मोरीचे किंवा सांडपाणी भाज्यांना घालू नका.
* तंबाखूचे पाणी फवारू नका. नैसर्गिक असले तरी निकोटिन विषारी आहे आणि ते त्वचेतूनही शरीरात जाते.
* कोथिंबीर, पुदिना, टोमॅटो कच्चे खाण्याआधी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा.

कडू दुधी
घरच्या बियांपासून वाढलेल्या वेलाला कधी कधी कडू फळे येतात. हा कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवूनही तो जात नाही. चिरल्यावर छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंका आणि पूर्ण दुधी फेकून द्या. 'कडू म्हणजे औषधी' असे समजून रस पिऊ नका. खाल्ल्यानंतर उलट्या, पोटदुखी, जुलाब झाले किंवा उलटीत रक्त दिसले तर लगेच रुग्णालयात जा.

कोणी आधी विचारावे?
* वॉरफरिन घेणारे: पालक, मेथी यांतल्या जीवनसत्त्व 'के'मुळे औषधाचा परिणाम कमी होतो. पालेभाजी बंद करू नका, पण रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवा. बाग बहरल्यावर ते अचानक वाढवायचे असेल, तर डॉक्टरांना सांगून आयएनआर तपासून घ्या.
* मूत्रपिंडाचा आजार असलेले: पालक, टोमॅटो यांत पोटॅशियम बरेच असते. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. कोणती भाजी किती चालेल, हे तुमचा रिपोर्ट पाहूनच ठरते.

पुढच्या तपासणीला जाताना औषधांच्या यादीबरोबर बागेतून रोज काय खाता, हेही लिहून न्या.