तेलाच्या पट्टीवरील दोन खुणा

ज्या मुलखात 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि ज्या सातारा परिसरात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने घडली, त्या कृष्णाकाठच्या मुलखाला इंजिनाच्या तेलाची महती नव्याने सांगण्याचे वास्तविक प्रयोजन पडू नये. पाणी उपसणारे इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टी ओढून तेल पाहण्याचा परिपाठ येथील शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला होता. तथापि ते इंजिन पक्क्या पायावर समतल बसवलेले आणि जन्मभर एकाच जागी धडधडणारे असे. जी स्पोर्ट्स कार वळणावर भरवेगाने अंग टाकते, तिच्या तेलाची तपासणी त्याच सवयीने करू गेल्यास पट्टी खोटी साक्ष देते, आणि त्या साक्षीवर विसंबलेल्या मालकाचे इंजिन निकामी होऊ शकते.

क्रँक आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये केसाहूनही कितीतरी पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो व चालत्या इंजिनाचा सारा भार त्यावर तोललेला असतो. सामान्य मोटारीत हे तेल इंजिनाच्या तळाशी, गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात त्यात, साठते आणि तेथून पंप ते शोषून घेतो. आता पसरणीच्या घाटात एखाद्या वळणावर गाडीला बाजूस खेचणारे बल गुरुत्वाकर्षणाइतके झाले, आणि उत्तम टायरांच्या स्पोर्ट्स कारला हे असाध्य नाही, तर चेंबरमधील तेलाची पातळी पंचेचाळीस अंशांनी कलते, तेल एका भिंतीवर चढते आणि शोषनळीचे तोंड उघडे पडण्याचा संभव उत्पन्न होतो. साध्या चालीत खपून गेली असती अशी अर्ध्या लिटरची तूट अशा क्षणी बेअरिंगच्या मुळावर येते. उलटपक्षी, सुरक्षितता म्हणून वरच्या खुणेपल्याड तेल ओतावे, तर फिरती क्रँक ते घुसळून त्याचा फेस करते, आणि हवा मिसळलेल्या तेलाच्या अंगी भार पेलण्याचे सामर्थ्य राहत नाही. पट्टीवरील दोन खुणा या अशा दोन संकटांच्या सीमारेषा होत.

म्हणून तपासणीची पहिली अट समतल जमीन ही होय. सांगलीच्या नदीकाठच्या सपाटीवर ती सहज मिळते. अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेल्या साताऱ्यात मात्र घरासमोरचा रस्तादेखील पुष्कळदा उताराचा असतो आणि डोळ्यांना तो उतार सवयीने जाणवेनासा होतो, तेव्हा थोडे दूर जाऊन सपाट जागा गाठण्याचा आळस करू नये. चेंबरमध्येच तेल ठेवणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन पुरते तापवून, मग बंद करून, वर चढलेले तेल खाली उतरण्यास पाच-दहा मिनिटांची मुदत द्यावी. पट्टी प्रथम ओढली म्हणजे तिच्यावरचे वाचन मानू नये, कारण नळीच्या भिंतीचे तेल तिला माखलेले असते. धागे न सुटणाऱ्या कोऱ्या फडक्याने ती पुसावी, तळापर्यंत पुन्हा घालावी, काढताच आडवी धरावी आणि दोन्ही बाजू पाहून जी खालची पातळी दिसेल तीच खरी समजावी. टोक वर करून पट्टी न्याहाळणाऱ्याला ओघळलेले तेल फसवते. दोन खुणांमधले अंतर अनेक गाड्यांत सुमारे एक लिटराचे असते. तेव्हा भर घालताना पाव लिटराहून अधिक एकदम ओतू नये, थांबून पुन्हा मोजावे.

परंतु खऱ्या चपळ गाड्यांच्या एका वर्गाला ही रीत लागूच पडत नाही. त्यांत तेल चेंबरमध्ये साठू न देता स्वतंत्र पंपांनी उपसून वेगळ्या टाकीत नेलेले असते, जेणेकरून वळणावरही शोषनळी कोरडी पडू नये. 1998 पर्यंत चाललेली हवेने थंड होणारी पोर्श 911 हे याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा गाडीचे इंजिन बंद करताच टाकीतले तेल हळूहळू झिरपत इंजिनात उतरते आणि सकाळी थंड गाडीची पट्टी पाहणाऱ्यास ती कोरडी आढळते. तो घाबरून तेल ओततो, आणि वस्तुतः भरलेल्या यंत्रात लिटरभर जास्तीचे पडते. या 911 चे तेल समतल जागी, इंजिन पूर्ण तापलेले आणि मंद चालत असतानाच मोजावयाचे असते. इतर काही बनावटींत इंजिन बंद केल्यावर ठरलेल्या अल्प मुदतीत. अनेक नव्या गाड्यांत तर पट्टीच नाही, पातळी समोरच्या पडद्यावर उमटते. तथापि समतल जमीन आणि इंजिनाची ऊब या अटींतून तेथेही सुटका नाही.

यास्तव दुसऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा निवाडा करू नये, मग सांगणारा मिस्त्री कितीही मुरलेला असो. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतील तेलाचे पान वाचावे आणि त्यात दिलेल्या क्रमाने, दर वेळी एकाच जागी, मोजणी करून किलोमीटरच्या आकड्यासह तिची नोंद ठेवावी, म्हणजे इंजिन तेल किती खाते हेही उमगते. आणि नियमाप्रमाणे मोजूनही पातळी खालच्या खुणेशी आढळली, तर तेल भरून पुन्हा मोजेपर्यंत खंबाटकीच्या किंवा पसरणीच्या घाटाचा बेत खुशाल तहकूब करावा.